माणूस पृथ्वीचा वैरी आहे काय?

माणूस ही पृथ्वीला जडलेली व्याधी आहे, असे हल्ली वारंवार ऐकू येते. पुरावाही साधा नाही. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा आकडा आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यावरून सबंध मनुष्यजातीला एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे काय, याचा विचार करण्यापूर्वी एखाद्या लहानशा मुलखाची साक्ष काढावी हे बरे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके त्या कामी फार उपयोगी आहेत.

पहिली साक्ष राबाची. भाताची रोपे करण्यासाठी येथील वारली शेतकरी उन्हाळ्यात जमिनीच्या तुकड्यावर झाडांचे टहाळे, शेण, गवत, पालापाचोळा यांचे थर रचतो, वर माती पसरतो आणि ते जाळतो. तण मरते, राख खताचे काम करते, आणि पाऊस पडताच तेथे रोपे तरारून येतात. इंग्रजी जंगलखात्याला यात जंगलाचा नाश दिसला. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी उठल्या, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. टहाळे तोडणारा शेतकरी झाडाचा वैरी की नाही, हा वाद तेव्हाच सरकारदरबारी रीतसर लढला गेला.

याच काळाची दुसरी बाजू पाहावी. १८६४ मध्ये मुंबई ते सुरत लोहमार्ग या किनाऱ्याने सलग सुरू झाला. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड हवे होते, कोळसा हवा होता, सरपण हवे होते. राबासाठी टहाळे तोडले तरी झाडाला पुन्हा फुटवा येतो, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाशी शेतकऱ्याची गाठ असते. ठेकेदाराला पुढच्या वर्षाची चिंता नसते. हे जंगल संपले की तो दुसरे घेतो. दोघेही माणसेच, दोघांच्याही हाती कुऱ्हाड. फरक इतकाच, की एकाला नुकसान स्वतः भोगावे लागे आणि दुसऱ्याला ते मागे टाकून जाता येई.

त्यातही ठेकेदाराची कुऱ्हाड चालविणारा हात पुष्कळदा वारल्याचाच असे. इच्छा मात्र त्याची नसे. वेठ आणि लग्नगडी या पद्धतींनी तो जमीनदाराला बांधलेला होता. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरीत आहे. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साह्याने वारल्यांनी तेथे वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याचा बळी गेला. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला, तेव्हा ठेकेदारांची तोड थांबली. ती झाडांच्या कळवळ्याने थांबली नव्हती, हे उघड आहे. तरीही एक गोष्ट ध्यानी येते: ज्या माणसाला स्वतःच्या श्रमावर हुकमत नाही, त्याच्याकडून रानाची राखण कशी व्हावी?

येथे भोळसट होऊनही चालणार नाही. पूर्वीचा वनवासी सर्वस्वी निर्दोष आणि आजचा नागर सर्वस्वी दोषी, असा निवाडा इतिहास देत नाही. राबाने जंगलावर भार पडतच होता. उलट, डहाणू व घोलवडची चिकूची वाडी ही तर माणसाचीच निर्मिती. चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. येथील बागायतदारांनी तो असा रुजविला की २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मूळचे रान गेले खरे, पण भूमी उजाड झाली नाही.

आता अगदी अलीकडची साक्ष. डहाणूस औष्णिक वीजकेंद्र येणार म्हणताच बागायतदार, मच्छीमार आणि इतर नागरिक न्यायालयांत गेले. केंद्र झाले, ५०० मेगावॅटचे. परंतु २० जून १९९१ रोजी भारत सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि कारखान्यांना ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने वीजकेंद्राच्या धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याचा आग्रह धरला, आणि २००७ मध्ये ती बसली. वीज माणसाने केली, धूर माणसाने सोडला, आणि त्या धुराला लगामही माणसानेच घातला.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला. पुढे सदस्य पालटले, योजनाही नव्याने आली, आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या या बंदराचे भूमिपूजन झाले. व्यापार वाढेल, हाताला काम मिळेल, असे एक बाजू म्हणते. मासळीची पैदास होणारा खडकाळ किनाराच गेला तर आम्ही कोठे जाळी टाकावी, असे मच्छीमार विचारतात. नियम आहे म्हणून निश्चिंत राहावे, असे यावरून म्हणता येत नाही. नियम राखणाऱ्यांनी जागे राहावे लागते.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे. माणूस जात्याच पृथ्वीचा वैरी नाही. पण लाभ एकाच्या पदरात आणि हानी दुसऱ्याच्या अंगणात, अशी वाटणी झाली की तो वैरी होतो. ‘मनुष्यजातच वाईट’ म्हणणे ऐकायला नम्रपणाचे वाटते. वास्तविक त्यात ठेकेदार आणि वेठीचा वारली एकाच शिक्षेस पात्र ठरतात, म्हणजे खरा जबाबदार सुटतो. मुंबईच्या दिव्यांना डहाणूची वीज मिळत आली आहे. आपल्या घरातल्या दिव्याचा धूर कोणाच्या अंगणात जातो, एवढे ज्याने त्याने विचारले, तरी प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर हाती येईल.