भांड्यावरचं नाव

‘सिनेमा कुणाचा?’ असं विचारलं, की आमच्या घरात उत्तर येतं, ‘अमिताभचा.’ फार झालं तर दिग्दर्शकाचं नाव निघतं. पण अमिताभ जे बोलतो ते आधी कागदावर कुणी उतरवलं, ही चौकशी कोणी करत नाही. आमच्या बँकेत सहीशिवाय साधं व्हाउचर पुढं सरकत नाही; सिनेमात मात्र लेखकाच्या नावावाचून लाखोंचे व्यवहार बिनबोभाट चालत!

१९७३ साली ‘जंजीर’ आला. मुंबईभर पोस्टरं लागली. त्यांवर लेखकांची नावंच नव्हती. सलीम खान आणि जावेद अख्तर यांनी काही मोर्चा काढला नाही. सरळ एक पेंटर गाठला आणि पोस्टरापोस्टरांवर लेखक म्हणून आपली नावं रंगवून घेतली. १९७५ साली ‘शोले’ आला तेव्हा त्यांची नावं पोस्टरवर छापूनच आली.

नाव आलं, पैशाचा हक्क यायला मात्र २०१२ साल उजाडलं. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत लेखकाचाही वाटा मान्य झाला. त्यासाठी राज्यसभेत बोलायला उभं कोण? तेच जावेद अख्तर!

हे सगळं मी जेवताना मोठ्या रंगात सांगितलं. ही शांतपणे म्हणाली, ‘घरातल्या एकूण एक भांड्यावर तुमचं नाव घातलंय. आतलं रांधतं कोण?’

सध्या मी पेंटर शोधतोय.