न लिहिलेली उंची

वडिलांची जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली, की इंजिनासाठी जाणकार मिस्त्री सापडतो. घोळ होतो तो टायरच्या दुकानात. उतरवलेल्या टायरवर ३.२५-१९ असते आणि दुकानदार पुढे करतो ९०/९०-१९. बसेल, असे तो नुसत्या नजरेने सांगतो. त्या नजरेमागचे गणित या पुस्तिकेत मांडले आहे. ते अवघड नाही, आणि एकदा उमगले की रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे टायर वाचण्याची खोड लागते.

१९५५ पासून मद्रासला बुलेट जुळू लागली ती ब्रिटिश इंचांसकट. त्या पद्धतीत ३.२५ ही टायरची रुंदी आणि १९ हा रिमचा व्यास. उंचीचा उल्लेखच नाही. ती साधारण रुंदीइतकीच असे, मग वेगळी लिहायची कशाला? पुढे बसके टायर आले आणि उंची सांगणे भाग पडले. ९०/९०-१९ मधला पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर सांगतो. दुसरा उंची, पण रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे ८१ मिमी. रिम मात्र अजून इंचांतच!

वाचकांनी सुरुवात त्या न लिहिलेल्या उंचीपासून करावी. ३.२५ इंच म्हणजे सुमारे ८२.५ मिमी. रिमच्या १९ इंचांत ती वरून आणि खालून मिळवा. चाकाचा व्यास येतो सुमारे ६४८ मिमी. नव्या टायरचा ६४५. दुकानदाराची नजर खोटी नव्हती. हौसेने १००/९०-१९ घ्याल तर व्यास जातो ६६३ वर. मग टायर मडगार्डला घासतो का, हे पाहावे लागते आणि पुढच्या चाकावर चालणारा स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

व्यास जुळला म्हणून लगेच पाकीट काढू नका. १.८५ इंच रुंदीच्या जुन्या रिमवर फार रुंद टायर चिमटला जातो आणि गाडी वळणावर अनोळखी वागते. ५४पी अशी खूणही शोधा: ५४ म्हणजे २१२ किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किमी. नव्या टायरची खूण मूळ टायरपेक्षा कमी नसावी. स्पोकच्या जुन्या रिमला ट्यूब लागतेच, टायरवर काहीही लिहिलेले असो.

तेव्हा हे पान उघडे ठेवून गाडीपाशी उकिडवे बसा आणि ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसा. पहिले प्रकरण तिथेच छापलेले आहे.