पत्ता कोण देतं? : अंजनवेलच्या माडीवरून डीएचसीपीचा इतिहास

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट दिलेत. बोलताना मी दोनदा विषय सोडून भटकले होते, ते मात्र गाळलंय.

आजचा विषय डीएचसीपी, म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. नाव जड आहे, काम साधं. तुमचा फोन घरच्या वायफायला जोडला की त्याला नेटवर्कवरचा एक आकडी पत्ता लागतो. तो पत्ता देण्याचं काम डीएचसीपीचं. घरोघरी हे काम राउटर गुपचूप करतो आणि बिघडेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्याकडे ते बिघडलं. अंजनवेलला.

वहीतल्या नोंदी

आमचं घर चिऱ्याचं, जुनं. ओटीवर इंटरनेटचा फायबरचा डबा. चिऱ्याच्या भिंती एवढ्या जाड की माजघर ओलांडलं की वायफाय संपतं. वर माडीवर बाबांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. गुहागरला आलेली माणसं गोपाळगड आणि दीपगृह बघायला इकडे येतात, त्यातली काही राहतात. त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा वायफायचा.

दिवाळीत मी पुण्याहून घरी गेले, तेव्हा माझा एक जुना राउटर घेऊन गेले. खालून वर केबल ओढली, राउटर माडीवर लावला, वायफाय आलं. पंधरा मिनिटांचं काम. आई म्हणाली, "बघा, इंजिनीअर आहे घरात."

त्यानंतर तीन महिने बाबांचा फोन येत राहिला. "अगं, नेट आहे म्हणतंय पण चालत नाही." कांड्या सगळ्या भरलेल्या, खाली लिहिलेलं, इंटरनेट नाही. आईचा फोन चालू, बाबांचा बंद. दुसऱ्या दिवशी उलट. मी ऑफिसच्या गडबडीत विचारायचे, "बाबा, तुम्ही काही दाबलंत का?" ते म्हणायचे, नाही. मी म्हणायचे, आठवून बघा. हळूहळू त्यांनी फोन करणंच बंद केलं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

शिमग्याला गेले तेव्हा कळलं, त्यांनी डब्याला हात लावणं सोडलंय. पाहुण्यांनाही आधीच सांगत होते, वायफाय नाही म्हणून. आणि एक वही ठेवली होती. तारीख, लाईट कधी गेली, कधी आली, नेट चाललं की नाही. ती वही वाचायला मला दोन मिनिटं लागली. नेट बंद पडल्याची प्रत्येक नोंद लाईट परत आल्यानंतरची होती.

उत्तर सांगते, पण आधी थोडं मागे जाऊ. कारण हा बिघाड डीएचसीपीच्या जन्मातच दडलेला आहे.

पत्ता लक्षात कोण ठेवणार?

सुरुवातीच्या काळात यंत्रांचे पत्ते माणसं ठरवायची. कोणता आकडा कोणाला दिला याची यादी जॉन पोस्टेल वर्षानुवर्षं सांभाळत होते. यंत्रं थोडी होती आणि जागची हलत नव्हती, त्यामुळे ते जमायचं. पत्ता एकदा मशीनमध्ये टाकला की तो डिस्कवर राहायचा.

मग ऐंशीच्या दशकात बिनडिस्कची वर्कस्टेशन आली. डिस्कच नाही तर स्वतःचा पत्ता लक्षात ठेवणार कुठे? चालू होताना त्या यंत्राला फक्त आपल्या नेटवर्क कार्डावर कोरलेला क्रमांक माहीत. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी यावर आरएआरपी नावाची पद्धत मांडली. यंत्राने ओरडून विचारायचं, "माझा कार्ड क्रमांक हा, माझा पत्ता काय?" आणि कोणीतरी सांगायचं. पण ही हाक त्या एका नेटवर्कच्या बाहेर जात नसे, आणि उत्तरात पत्त्याशिवाय काही मिळत नसे.

सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी आणलं. आता ही हाक मध्यस्थामार्फत दुसऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरपर्यंत पोचू लागली, आणि उत्तरात राउटर कोणता, सुरू व्हायची फाइल कोणती, हेही मिळू लागलं. तरी एक अडचण उरलीच. कोणत्या कार्डाला कोणता पत्ता, हा तक्ता माणसानेच भरायचा. तक्त्यात नाव नसेल तर उत्तर नाही.

नव्वदच्या आसपास माणसं लॅपटॉप घेऊन फिरू लागली. आज या इमारतीत, उद्या त्या. प्रत्येकासाठी तक्ता कोण बदलणार? शिवाय पत्ते मोजके. नेटवर्क सोडून गेलेल्याचा पत्ता अडकून राहायचा.

मुदतीचा पत्ता

ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी प्रसिद्ध झालं. ते लिहिणारे राल्फ ड्रोम्स तेव्हा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठात होते. गंमत म्हणजे संपादनातल्या चुकांमुळे तोच दस्तऐवज त्याच महिन्यात पुन्हा काढावा लागला. मार्च १९९७ ची सुधारित आवृत्ती, आरएफसी २१३१, आजही पायाभूत मानली जाते.

डीएचसीपीने बूटपीचा साचा तसाच ठेवला, पण एक मोठी कल्पना आणली : पत्ता कायमचा द्यायचाच नाही, मुदतीने द्यायचा. आपल्या भाड्याच्या करारासारखं. निम्मी मुदत झाली की यंत्र गुपचूप ज्याने पत्ता दिला त्याच्याचकडे जाऊन म्हणतं, वाढवून द्या. कोणी विचारायला आलंच नाही तर मुदत संपल्यावर पत्ता मोकळा.

पत्ता मिळवायचे टप्पे चार. यंत्र हाक मारतं, "इथे कोणी आहे का?" सर्व्हर म्हणतो, "हा पत्ता घे." यंत्र म्हणतं, "हाच घेते." सर्व्हर म्हणतो, "दिला."

आता नीट बघा. यंत्र "इथे कोणी आहे का" असं सगळ्यांना विचारतंय. उत्तर देणाऱ्याला "तू कोण, तुला अधिकार कोणी दिला" असं विचारतच नाही. विचारणार कसं? त्या क्षणी त्याला स्वतःचाही पत्ता माहीत नाही. एकाहून जास्त सर्व्हर असू शकतात हे मूळ रचनेतच धरलंय, आणि बहुतेक यंत्रं पहिलं उत्तर घेऊन मोकळी होतात. आरएफसी २१३१ मध्येच कबूल केलंय की ही पद्धत बरीच असुरक्षित आहे, कोणीही आपला सर्व्हर मांडून बसू शकतो. २००१ मध्ये ओळख पटवण्याची सोय लिहिली गेली, पण ती फारशी रुजली नाही.

मोठ्या ऑफिसांत स्विचवरच पहारा असतो, ठरलेल्या सर्व्हरखेरीज कोणाचं उत्तर पुढे जात नाही. घरात असा पहारा नसतो. मुळात घरी नेटवर्क असेल, हेच १९९३ साली कोणाच्या डोक्यात नसावं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरात एक मोडेम आणि एकच संगणक. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराला ठेवले. पुढे ब्रॉडबँडबरोबर राउटर आले आणि घरोघरी एक सर्व्हर बसला.

आमच्या घरी दोन बसले.

खाडीच्या तोंडाशी दोन परवाने

गोपाळगडावरून वाशिष्ठीचं मुख दिसतं, पलीकडे दाभोळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर जहाज हाकायचं तर परवाना लागे. पोर्तुगीज कार्ताझ देत, कान्होजी आंग्रे दस्तक देत, आणि अंजनवेलचा किल्ला सिद्दीकडे. तो १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतला. परवाना असणं पुरेसं नव्हतं. ज्याची सत्ता त्या पाण्यात चालते, त्याचा परवाना हवा. चुकीच्या हाताचा कागद असला तर शीड भरलेलं असूनही जहाज अडायचं.

बाबांच्या फोनचं नेमकं हेच होत होतं. ओटीवरचा डबा १९२.१६८.१ चे पत्ते देत होता. माडीवरचा माझा जुना राउटर १९२.१६८.० चे, आणि सोबत सांगत होता, "बाहेरची वाट माझ्याकडून जाते." त्याच्याकडे बाहेरची वाट नव्हतीच. केबल ओढली तेव्हा त्याचं डीएचसीपी बंद करायचं मी विसरले होते.

मग रोज का बिघडत नव्हतं? कारण एकदा डब्याकडून पत्ता मिळाला की मुदतवाढही त्याच्याकडूनच. लाईट गेली की मात्र दोन्ही बंद. लाईट आली की जुना राउटर अर्ध्या मिनिटात उठायचा, फायबरच्या डब्याला तीन मिनिटं लागायची. तेवढ्यात जो फोन हाक मारेल, त्याला माडीवरून उत्तर. त्याने आधीचा पत्ता मागितलाच, तर हा राउटर तो नाकारून आपला द्यायचा. वहीतली प्रत्येक नोंद जुळली.

उपाय पाच मिनिटांचा. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे डब्याशी टक्कर नको, आणि त्याचं डीएचसीपी बंद केलं. मग मुख्य स्विच पाडून परत वर केला. आम्ही तिघं ओटीवर बसून वाट बघत होतो. तीन मिनिटांनी सगळे फोन लागले.

तुमच्या घरी असं झालं, तर आधी वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून कोणता पत्ता दिसतो तो बघा. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फोनवर तो वेगळा असेल, तर घरात दोन पत्ते देणारे आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उलटी गोष्ट : कोणीच उत्तर दिलेलं नाही, फोनने स्वतःच एक पत्ता घेतलाय. आणि घरच्यांना "काय दाबलंत" विचारण्याआधी, शेवटची केबल कोणी लावली ते आठवा.

मी बाबांना सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "म्हणजे मी काही दाबलं नव्हतं ना?" तीन महिने ते हाच विचार करत होते. मग त्यांनी वहीत त्या दिवसाची नोंद केली : लाईट गेली, आली, नेट चालू.

पुढच्या भागात डीएनएस. तोपर्यंत, भेटू!