रेडिओने घडवलेला आवाज

आपण रेडिओवर भेटतो आहोत, म्हणून आधी रेडिओचीच एक गोष्ट सांगतो.

१९४०च्या दशकाचा मध्य. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत बशा विसळणारा एक कृष्णवर्णीय पोरगा हार्लेममधल्या ‘अमेरिकन निग्रो थिएटर’मध्ये काम मागायला गेला. हातात संहिता दिली, तर तो एकेक शब्द जुळवत, अडखळत वाचू लागला. त्यातून बोलण्यात बहामा बेटांचा ठसठशीत हेल. समोरच्या गृहस्थांनी त्याला दाराबाहेर काढलं आणि ‘जा, बशा विसळ’ या अर्थाचं काहीतरी सुनावलं. पोराने काय करावं? त्याने एक रेडिओ विकत घेतला. निवेदक बोलेल तसं त्याच्या मागोमाग बोलायचं, हा महिनोन्‌महिन्यांचा रियाज. रात्री काम आटोपलं की हॉटेलातला एक वयस्कर ज्यू वाढपी शेजारी बसून त्याला वर्तमानपत्र वाचायला शिकवायचा. काही महिन्यांनी पोरगा पुन्हा त्याच दारात उभा राहिला. शिकवा, बदल्यात झाडलोट करीन, म्हणाला.

तो पोरगा म्हणजे सिडनी पॉयटिए.

त्याचा जन्म २० फेब्रुवारी १९२७चा, मायामी शहरातला. आईवडील बहामातल्या कॅट बेटावरचे टोमॅटो पिकवणारे शेतकरी. माल विकायला मायामीला आले असताना दिवस भरण्याआधीच हे मूल जन्मलं. ते जगेल याची आशा वडिलांनी सोडली होती. आईने सोडली नाही. बेटावर वीज नव्हती आणि शाळा नावापुरतीच होती, पण आजूबाजूला बहुतेक सगळे काळेच. कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरते, हा धडा त्याला पंधराव्या वर्षी मायामीत मिळाला.

१९५०मध्ये ‘नो वे आउट’ चित्रपटात तो डॉक्टर म्हणून पडद्यावर आला. त्या काळी काळ्या नटाच्या वाट्याला बहुधा नोकराची नाहीतर विदूषकाची भूमिका यायची. पुढे एकदा पैशाची निकड असतानाही त्याने चालून आलेली भूमिका नाकारली. त्यातल्या बापाच्या मुलीचा खून होतो आणि बाप गप्प राहतो. माझे वडील असे गप्प बसले नसते, एवढंच त्याचं कारण. बायको बाळंत व्हायची होती. त्या खर्चासाठी त्याने घरातलं सामान गहाण ठेवून ७५ डॉलर उचलले.

१९५८च्या ‘द डिफायंट वन्स’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ या १९६३च्या चित्रपटासाठी एप्रिल १९६४मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट. त्याच वर्षी तो आणि गायक हॅरी बेलाफोंटे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी रोख रक्कम घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला गेले, तेव्हा गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला. म्हणूनच ‘इन द हीट ऑफ द नाइट’ची कथा मिसिसिपीत घडत असली, तरी चित्रीकरण मुख्यतः उत्तरेकडच्या इलिनॉयमध्ये झालं. १९६७च्या या चित्रपटात गोरा जमीनदार काळ्या पोलीस अधिकाऱ्याच्या मुस्काटात मारतो आणि अधिकारी क्षणाचाही विलंब न लावता ती परत करतो. त्या एका थपडेचा आवाज अमेरिकेत फार दूरवर गेला.

त्याच वर्षीच्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये तो गोऱ्या मुलीशी लग्न ठरवलेला डॉक्टर होता. चित्रपट डिसेंबरमध्ये लागला. जूनपर्यंत अशा लग्नाला अमेरिकेतल्या सोळा राज्यांत कायद्याची बंदी होती. पण त्याच वर्षी क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककाराने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये विचारलं, गोऱ्या अमेरिकेला हा नट इतका का आवडतो? रोख असा, की याचे नायक इतके सुशील, इतके निष्कलंक असतात की गोऱ्यांना त्यांचं भय वाटत नाही.

टीका खोटी नव्हती, पण मला त्या निष्कलंकपणामागचा थकवा दिसतो. ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे. म्हणणारा कौतुकानेच म्हणतो. पण मी जिच्यात रडायला शिकलो, त्या भाषेबद्दल त्याला आश्चर्य वाटतं, हे मनाला लागतं. मग ऱ्हस्व-दीर्घाची एखादी चूक झाली, तरी ती माझ्या एकट्याची राहत नाही. पॉयटिएला हजारो लोकांच्या वतीने बिनचूक राहावं लागलं. त्याला चुकण्याची मुभाच नव्हती.

पुढे त्याने दिग्दर्शन केलं. ‘स्टर क्रेझी’सारखा तुफान चाललेला विनोदी चित्रपट १९८०मध्ये दिला. १९९७पासून तो बहामाचा जपानमधला राजदूत होता. २००२मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच रात्री डेंझेल वॉशिंग्टन मुख्य भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारा दुसरा कृष्णवर्णीय नट ठरला. मध्ये अडतीस वर्षं गेली होती.

६ जानेवारी २०२२ रोजी, ९४व्या वर्षी, पॉयटिए गेला. नाव झाल्यावर त्याने त्या वाढप्याचा शोध घेतला होता, पण फार उशीर झाला होता. आभार मानायचे राहून गेले, ही खंत तो म्हातारपणीही बोलून दाखवायचा. दिवसभराच्या कामाने थकलेल्या एका माणसाने रोज रात्री परक्या पोराला थोडा वेळ दिला होता. आपल्या आसपासही असा एखादा पोरगा अडखळत वाचत असेल. त्याच्या उच्चारांना हसण्याआधी क्षणभर त्याच्याशेजारी बसून पाहू या.