दमा आणि ॲलर्जी : पेशींच्या 'निरोपाच्या पिशव्या' काय करतात?

शिरवळसारख्या महामार्गालगतच्या गावात धूळ किंवा गाजर गवताचे परागकण श्वासातून गेले की काहींना शिंका, खोकला, धाप लागते. यामागे हिस्टामाइन असतंच. पण सूज टिकण्यात आणखी एका घटकाचा हात असतो.

श्वासनलिकेतल्या पेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. या एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. त्यांतला एक प्रकार म्हणजे एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. आत प्रथिनं आणि मायक्रोआरएनए, म्हणजे शेजारच्या पेशींसाठी निरोप. ॲलर्जीत हे निरोप रोगप्रतिकारक पेशींना चेतवू शकतात. मूळपेशींनी सोडलेल्या काही पिशव्यांनी प्रयोगात उलट सूज कमी केली, म्हणून औषधासाठी संशोधन सुरू आहे.

पण दम्यावर एक्सोसोमचा मान्यताप्राप्त उपचार अजून नाही. जाहिरात पाहून डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर बंद करू नका.