चारशे वारांची वाट

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत बर्कली नांवाचें शहर आहे. तेथील विद्यापीठ टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें असून वरच्या अंगास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा उभी आहे. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यांत या दोन संस्थांतील संगणकांचा परस्परव्यवहार एकाएकीं मंदावला. दोहोंमधील अंतर अवघें चारशे वार, आणि नेटवर्काचे टप्पे मध्यें दोनच. एरव्हीं सेकंदाला ३२ हजार बिट या वेगानें जाणारी माहिती सेकंदाला ४० बिटांवर येऊन ठेपली. आठ बिटांचें एक अक्षर धरिलें तर सेकंदास पांच अक्षरें झालीं. दोन हजार अक्षरांचें साधें पत्र टेकडी उतरावयास साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊं लागलें. तेंच पत्र एखाद्या पट्टेवाल्याच्या हातीं दिलें असतें, तर तो तें पोंचवून परतीच्या वाटेला लागला असता.

तार तुटली नव्हती, यंत्रें बंद पडलीं नव्हतीं. उलट सर्व यंत्रें जिवापाड राबत होतीं, आणि त्यांच्या त्या राबण्यांतच दुखण्याचें मूळ होतें.

ज्यांच्या घरांत कपाटाच्या कोपऱ्यांत एक लहानसा स्टोरेज सर्व्हर ठेवलेला असतो, त्यांना हा प्रसंग परका वाटण्याचें कारण नाहीं. लग्नकार्याचीं छायाचित्रें, मुलांच्या बोबड्या बोलांचीं ध्वनिमुद्रणें, घराच्या कागदपत्रांच्या नकला, असें पुन्हां न मिळणारें धन त्या पेटींत सांठविलेलें असतें. एके दिवशीं नवी भर घालावयास जावें, तों पाव तासाचें काम रात्र उलटली तरी पुरें होत नाहीं. गृहस्थ आधीं पेटीला दोष देतो, मग केबलला, मग ती विकणाऱ्या दुकानदाराला. आणि पुष्कळदां अधिक किमतीची नवी पेटी घरीं आणतो. ती नवी पेटीहि तितकीच रेंगाळते. दुखणें पेटींत नसून दोन टोंकांच्या परस्परव्यवहारांत असूं शकतें, ही गोष्ट बर्कलीच्या त्या प्रसंगानें जितकी उघड केली तितकी दुसऱ्या कशानेंहि केली नाहीं.

फाइल तारेवरून अखंड वाहत जात नाहीं. तिचीं लहान लहान पुडकीं, म्हणजे पॅकेटें, बांधलीं जातात. पलीकडचा संगणक पुडकें मिळाल्याची पोंच देतो. नेमल्या वेळांत पोंच न आली तर तें हरवलें असें समजून पाठविणारा तेंच पुडकें पुन्हां धाडतो. पोंचेची वाट न पाहतां एका वेळीं किती माल वाटेवर सोडावयाचा यालाहि मर्यादा असते, तिला 'विंडो' म्हणतात. रुंद वाट जेथें अरुंद होते तेथें राउटर बसलेला असतो. तो येणाऱ्या पुडक्यांची रांग लावतो, आणि रांगेची जागा भरली कीं पुढचें पुडकें मुकाट्यानें टाकून देतो. पाठविणाऱ्याला त्याची खबर कोणी देत नाहीं, पोंच न येणें हीच काय ती खबर.

या व्यवस्थेंतला धोका फोर्ड एरोस्पेस कंपनींतील जॉन नेगल यांनीं १९८४ च्या जानेवारींतच एका टिपणांत लिहून ठेविला होता. रांग लांबली म्हणजे पोंच उशिरां येते. उशीर नेमल्या वेळेपेक्षां अधिक झाला कीं पाठविणारा घाबरून दुसरी प्रत सोडतो, वास्तविक पहिली प्रत रांगेंत सुखरूप उभीच असते. दुसऱ्या प्रतीनें रांग आणखी लांबते, म्हणून तिसरी प्रत निघते. नेगल यांनीं या अवस्थेस कोंडीमुळें कोसळणें असें नांव दिलें, आणि ही अवस्था एकदां आली कीं टिकून राहते असेंहि बजावलें. इशारा छापला गेला, वाचलाहि गेला. पण घाट मोकळा असतांना कोंडीच्या बंदोबस्ताचा विचार कोण करतो?

टेकडीवरच्या प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन आणि खालच्या विद्यापीठांतील माइक कॅरल्स हे दोघे या चौकशीला बसले. त्या वेळीं तेथील संगणकांवर विद्यापीठानेंच तयार केलेली बर्कली युनिक्सची ४.३ ही आवृत्ति चालत असे, व पुडक्यांची ने-आण तिच्यांतील टीसीपी हा भाग पाही. तो चुकीचें वागत आहे काय, आणि वाईट परिस्थितींतहि त्याला नीट वागावयास लावतां येईल काय, असे दोन प्रश्न त्यांच्यापुढें होते. दोहोंचें उत्तर 'होय' असेंच आलें. १९८८ च्या ऑगस्टांत त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्यांत एका प्रयोगाचा आलेख आहे. सेकंदाला २० किलोबाइट नेऊं शकणाऱ्या वाटेवर एका जोडणीनें आरंभींच सगळी विंडो भरून माल सोडला. बहुतेक प्रत्येक पुडकें निदान दोनदां पाठवावें लागलें. चोपन्नाव्या किलोबाइटपासून अठ्ठावन्नाव्यापर्यंतचा माल तर पांच वेळां गेला. उपलब्ध वाटेपैकीं केवळ ३५ टक्के कामीं आली, बाकीची फेरपाठवणींत वायां गेली. नेटवर्क गच्च भरलेलें, दिवे लुकलुकत आहेत, आणि पलीकडे पोंचत मात्र कांहीं नाहीं, या कोड्याचा उलगडा त्या एका चित्रांत झाला.

उपाय ऐकावयास अगदीं साधा. एकदम सारा माल न सोडतां एका पुडक्यानें आरंभ करावा. पोंच आली कीं दोन, मग चार, असें वाढवीत जावें. पुडकें हरवलें असें दिसतांच वेग निम्म्यावर आणावा, आणि त्यानंतर एकेका पुडक्यानें जपून वाढवावा. पोंच येण्यास लागणारा वेळ किती कमीजास्त होतो याचा हिशेब ठेवून धीर धरण्याची मुदत ठरवावी, आणि तरीहि पोंच न आली तर ती मुदत दुप्पट करावी. या रीतीला 'स्लो स्टार्ट' असें नांव पडलें, तें कांहींसें फसवें आहे. एकाचे दोन, दोनाचे चार होत जाणारी वाढ मंद कशी म्हणावी? नव्या रीतीनें तोच प्रयोग केला तेव्हां पहिलीं दोन सेकंदें आरंभांत गेलीं, तरी एकंदर काम दुपटीनें झालें. १९८८ च्या जूनमध्यें निघालेल्या 'टाहो' आवृत्तींतून हे बदल बाहेर पडले.

यांतील एक गोष्ट आजहि नवल वाटण्याजोगी आहे. वेग निम्म्यावर आणण्याची सक्ति कोणीहि कोणावर करूं शकत नव्हतें. राउटरच्या हातीं दंडुका नव्हता. ज्या त्या संगणकानें आपण होऊन हात आंखडता घ्यावा, एवढीच ती तजवीज. आणि बर्कलीची आज्ञावली ठिकठिकाणीं उचलली गेल्यामुळें ती रुजली.

दुखणें कोठें आहे हें हुडकण्याचीं साधनें त्याहून थोडीं आधींचीं. मेरिलंड राज्यांतील लष्करी बॅलिस्टिक संशोधनशाळेंत काम करणारे माइक म्यूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरांत एका संध्याकाळीं 'पिंग' हा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचें नांव ठेविलें. तो दूरच्या यंत्राला हांक मारतो आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला तें सांगतो. पुढें टेरी स्लॅटरी आणि म्यूस यांनीं १९८४-८५ मध्यें 'टीटीसीपी' नांवाचें साधन सिद्ध केलें. त्याची खुबी अशी कीं, एका टोंकाला स्मृतींतल्या स्मृतींत निरर्थक माल तयार करावयाचा आणि दुसऱ्या टोंकाला तो टाकून द्यावयाचा. डिस्क मध्यें येतच नाहीं. तार एकटी तपासली जाते. हल्लीं 'आयपर्फ' हें साधन तेंच काम करितें, आणि घरच्या सर्व्हरची परीक्षा येथूनच सुरू व्हावयास पाहिजे.

कारण येथें आंकडाच बोलतो. गिगाबिट जातीच्या तारेवरून मोठी फाइल सेकंदाला सुमारें ११० मेगाबाइट या वेगानें जाते. तो आंकडा अकराच्या आसपास ठाम उभा राहिला तर जाणता मनुष्य डिस्ककडे पाहतहि नाहीं. शंभर मेगाबिटांची १९९५ ची पद्धत केबलमधील दोनच जोड्या वापरी. १९९९ च्या गिगाबिट पद्धतीला चारहि जोड्या लागतात. भिंतींतून नेतांना दुमडून एक जोडी निकामी झाली, तर अनेक यंत्रें कुरकुर न करतां खालच्या वेगावर उतरतात. दहा वीस रुपयांच्या प्लगानें हजारोंची पेटी बदनाम होते ती अशी.

आंकडा स्थिर न राहतां उसळत आणि कोसळत असेल तर वायफायच्या गर्दीकडे पाहावें. तेथें सर्वांना मिळून हवा एकच असून एकानें बोलावें व इतरांनीं थांबावें लागतें. तारेवरहि असा प्रकार होई, विशेषतः जुन्या शंभर मेगाबिटांच्या यंत्रांत. एका टोंकाला 'एकाच वेळीं बोला आणि ऐका' असा हुकूम हातानें पक्का केलेला, आणि दुसरें टोंक वाटाघाटीची वाट पाहत बसलेलें. वाटाघाट न झाल्यानें नियमाप्रमाणें तें 'आळीपाळीनें बोला' असें धरून चालतें. पिंगच्या हांका सुरळीत जातात आणि फाइल मात्र कण्हत जाते. नेगल यांच्या नांवानें ओळखली जाणारी काटकसरहि कधीं कधीं असाच घोटाळा करिते. आधीच्या मालाची पोंच आल्यावांचून लहान पुडकें सोडूं नये, हा त्यांचा नियम. उलट पोंच उगाच एकटी न पाठवितां कांहीं काळ थांबून मालाबरोबर द्यावी, ही पलीकडच्याची काटकसर. हें थांबणें पुष्कळ ठिकाणीं दोनशें मिलिसेकंदांचें असे. दोन्ही नियम आपापल्या जागीं सुज्ञपणाचे. परंतु एकत्र आले कीं 'आधीं आपण, आधीं आपण' म्हणतां म्हणतां गाडी चुकविणाऱ्या लखनौच्या नबाबांसारखी त्यांची गत होते, आणि सेकंदाला असे पांचच व्यवहार उरकतात.

तार निर्दोष ठरली तर मग डिस्कची पाळी. सन कंपनीनें १९८५ सालीं चालू केलेल्या एनएफएस या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तींत असा दंडक होता कीं, माल डिस्कवर प्रत्यक्ष उतरल्यावांचून सर्व्हरनें पोंच देऊं नये. वीज गेली तरी पोंच दिलेलें एक अक्षरहि बुडूं नये, हा हेतु. तिची सावकाशी प्रामाणिकपणापायीं होती. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीनें माल आधीं घ्यावा व अखेरीस एकदांच पक्का करावा अशी मुभा दिली. विंडोजच्या एसएमबी पद्धतींत शंभरांहून अधिक आज्ञा होत्या, त्या २००६ च्या दुसऱ्या आवृत्तींत एकोणीसवर आल्या. एक मोठा चित्रपट झटकन् जातो आणि तितक्याच वजनाचीं दहा हजार छायाचित्रें रखडतात, याचें कारण हेंच कीं प्रत्येक फाइलमागें उघडणें, नांव लिहिणें, मिटणें यांच्या फेऱ्या वेगळ्या होतात.

आरंभीं वेग उत्तम आणि कांहीं वेळानें एकदम घसरगुंडी, हें लक्षण मात्र अधिक गंभीर. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं, घरगुती सर्व्हरसाठीं म्हणून विकल्या गेलेल्या कांहीं डिस्कांत कौलांसारखे एकावर एक चढविलेले पट्टे असत, आणि वेष्टणावर त्याचा उल्लेख नसे. अशा डिस्कवर एक पट्टा बदलावयाचा तर शेजारचे पट्टेहि पुन्हां लिहावे लागतात. जोडीच्या दोन डिस्कांपैकीं एक दगावून तिच्या जागीं अशी डिस्क बसविली, तर नक्कल पुरी होण्यास दिवसच्या दिवस लागूं शकतात. आणि तेवढ्या अवधींत उरलेली एकुलती एक डिस्कहि गेली तर छायाचित्रें गेलींच.

बर्कलीच्या दुखण्यानें पुढें उलट्या वाटेनें घरांत प्रवेश केला. स्मृति स्वस्त झाली. एकहि पुडकें वायां जाऊं नये या सद्भावनेनें कारखानदारांनीं राउटर व मोडेम यांत रांगेसाठीं भरमसाट जागा ठेविली. परंतु पुडकें हरवणें हीच पाठविणाऱ्याला वेग कमी करण्याची खूण. पुडकीं हरवतच नाहींत, तर तो थांबणार कसा? २०१० सालीं जिम गेटिस हे मॅसॅच्युसेट्समधील आपल्या घरून एमआयटीकडे जुन्या फाइलींचा मोठा संग्रह पाठवीत होते. पाठवणी चालू असतांना पिंगच्या प्रतिध्वनीला एका सेकंदाहूनहि अधिक वेळ लागूं लागला आणि घरांतील इतर सर्व व्यवहार खोळंबले. या व्याधीला 'बफरब्लोट' असें नांव पडलें.

तिच्यावरचा एक प्रमुख उपाय २०१२ च्या मे महिन्यांत कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनीं मांडला. त्याचें नांव 'कोडेल'. रांग किती लांब आहे हें न मोजतां, पुडकें रांगेंत किती वेळ ताटकळलें तें हा उपाय पाहतो. ५ मिलिसेकंदांहून अधिक ताटकळणें १०० मिलिसेकंद टिकून राहिलें तर जाणूनबुजून एक पुडकें टाकून देतो. पाठविणाऱ्याला त्याची खूण मिळते. बऱ्याच घरगुती राउटरांत ही सोय आतां असते. ती चालू करितांना वेगाचा आंकडा मात्र बाहेरच्या जोडणीच्या खऱ्या वेगाहून किंचित् कमी भरावा लागतो. नाहींपेक्षां रांग राउटरांत न लागतां पुढें मोडेममध्यें जाऊन लागते, आणि तेथें घरच्या माणसाचा हात पोंचत नाहीं.