दुरुस्तीच्या वाटेने आलेला शत्रू

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. २०१७ च्या जूनअखेर त्या बंदरातील एका टर्मिनलाचे काम एकाएकी ठप्प झाले. वादळ नव्हते, संप नव्हता, की क्रेनही मोडली नव्हती. कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठे ठेवला आहे, हे सांगणारी गणकयंत्रे तेवढी मुकी झाली होती. या घटनेचे मूळ शोधू जाता ते युक्रेन देशातील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी पोहोचते. म्हणून हकीकत थोडी मागून सांगणे प्राप्त आहे.

यंत्रात एकदा बसविलेले सॉफ्टवेअर तसेच चालत राहते, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः त्यात राहिलेली छिद्रे पुढे उघडकीस येतात, आणि ती बुजविण्यास कर्त्याला नवी आवृत्ती पाठवावी लागते. शिवाय एका पॅकेजास दुसरे लागते, दुसऱ्यास तिसरे. हा गुंता पूर्वी वापरणाऱ्यानेच सोडवावयाचा असे. १९९३ साली इयान मरडॉक यांनी डेबियनचा आरंभ केला, आणि त्या मंडळींच्या डीपीकेजी या साधनाने बसविलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद ठेवण्याची शिस्त लाविली. रेड हॅटचे आरपीएम १९९५ चे. परंतु खरी सोय केली ती १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर आलेल्या ऍप्टने. दूरच्या भांडाराची यादी आणणे, ती घरच्या नोंदीशी ताडून पाहणे आणि लागेल तेवढेच योग्य क्रमाने बसविणे, ही कामे दोन आज्ञांत होऊ लागली. कोठीघरातले डबे पाहून मगच वाण्याची यादी करणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही!

या सोयीत एक प्रश्न दडलेला होता: आलेला माल भांडाराचाच, हे कशावरून? २००७ च्या आवृत्तीपासून डेबियनचे ऍप्ट भांडाराच्या यादीवरील सांकेतिक सही तपासू लागले. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या खेड्यातला अँड्रॉइड मोबाइलदेखील आज नव्या आवृत्तीवर जुनीच सही आहे ना, हे पाहूनच ती आत घेतो.

युक्रेनमध्ये करभरणा करणाऱ्या असंख्य कंपन्या एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर वापरीत. हल्लेखोरांनी त्याच्या कर्त्यांच्या सर्व्हरात शिरून अपडेटमध्येच चोरदरवाजा ठेविला, आणि २७ जून २०१७ रोजी त्यातून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम सोडला. विंडोजमधील एका छिद्राचा त्याने उपयोग केला. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. पण तो स्मृतीतले पासवर्डही चोरीत असल्यामुळे दुरुस्त केलेली यंत्रेही सापडली. मर्स्क ही डेन्मार्कची जहाजकंपनी त्यात बळी पडली, आणि न्हावाशेव्याचे ते टर्मिनल तिच्याच समूहाचे. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितल्याप्रमाणे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

यावरून अपडेट घेणेच बंद करावे, असे म्हणणारे काही निघतात. आम्हांस ते मान्य नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभर जो अनर्थ केला, तो मार्चची दुरुस्ती न घेतलेल्या यंत्रांवरच. मात्र केवळ सहीवर विसंबणेही पुरेसे नव्हे. २०२० च्या डिसेंबरात उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणी दूषित अपडेटवर कंपनीची अस्सल सही होती, आणि ते सुमारे १८,००० ग्राहकांकडे गेले. कारण सही होण्यापूर्वी, माल तयार होतानाच त्यात विष कालविले गेले होते.

तेव्हा प्रश्न सहीच्याही मागे, कारखान्यापर्यंत जातो. एकाच मूळ संहितेपासून निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे पॅकेज घडवावे आणि ती अक्षरशः सारखी निघतात की नाही हे पाहावे, असा उद्योग डेबियनच्या मंडळींनी २०१३ च्या सुमारास आरंभिला. हजारो पॅकेजे त्या कसोटीस उतरली आहेत. राहिलेल्यांवर काम चालू आहे.